उंबरमुऱ्याचा हूप

आमच्या समोरच्या गच्चीवर रोज पहाटे साडेपाचला सत्तरी ओलांडलेला एक माणूस उभा राहतो, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकतो आणि वानरासारखा हूप करतो. एकदा नव्हे, चारदा. पोटातून उठलेला, घुमत जाणारा, गल्लीतल्या यच्चयावत कुत्र्यांना कामाला लावणारा हूप. मग तो मान वाकडी करून कुठून काही ऐकू येतंय का याचा थोडा वेळ अंदाज घेतो, आणि खाली चहा करायला जातो.

या माणसाचं नाव धोंडीराम सपकाळ. तोंडावर सगळे आबा म्हणतात, पाठीमागे हूपआबा. मी मगदूम. हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला आणि आता निवृत्त झालोय. मिरजेपासून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. सपाट, काळ्या मातीचं, उसाचं. आमचं घर जुन्या गावातलं शेवटचं आणि आबांचं घर वसाहतीतलं पहिलं. मध्ये आठ फुटांचा रस्ता. त्यामुळे तो हूप सगळ्यात आधी कुणाच्या कानावर आदळत असेल, तर माझ्या.

वसाहत म्हणजे अशी. तिकडं साताऱ्याच्या अंगाला, मेढ्याच्याही मागं, डोंगरात पार आत उंबरमुरा नावाचं पंधरा-वीस घरांचं गाव होतं. ते रान अभयारण्यात गेलं आणि गाव उठलं. काही घरं रहिमतपूरच्या बाजूला गेली, काही सोलापूरकडं, आणि पाच-सहा आमच्या गावाच्या कडेला येऊन राहिली. याला आता पंचवीसेक वर्षं झाली. बाकीची घरं रुळली. त्यांची पोरं ऊस लावतात, ट्रॅक्टर चालवतात आणि आबांची टिंगल करण्यात आमच्या पोरांच्याही पुढं असतात. आबांची बायको तानूबाई इथं आल्यावर दोन वर्षांत गेली. मुलगा फौजेत. तो सुट्टीला येतो, गच्चीवर कपडे वाळत घालतो आणि परत जातो. आबा मात्र ज्या दिवशी ट्रकमधून उतरले त्या दिवशी जेवढे गोंधळलेले होते, तेवढेच आजही आहेत. "मास्तर, ह्यात कायतरी घोटाळा हाय," हे त्यांचं पालुपद. गॅसच्या शेगडीत घोटाळा, नळाच्या पाण्यात घोटाळा, आमच्याकडच्या पावसात तर घोटाळाच घोटाळा. "चार थेंब पडत्यात आन् त्येला पाऊस म्हंता व्हय तुमी?"

ते नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तक्रार घेऊन गेलो होतो. झोपमोड झाल्यामुळे डोकं तापलेलं होतं, पण शिक्षकी पेशा म्हणून सभ्यपणे म्हणालो, "सपकाळ, तुम्ही पहाटे जे करता ना, ते मला ऐकू येतं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो.

"आयकू येतं?"

"अगदी स्पष्ट."

"मंग जवाब का देत न्हाई?"

मी तक्रार विसरून घरी आलो. सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, विचारलं, "काय म्हणाले ओ?" मी सांगितलं, "मी उत्तर देत नाही म्हणून नाराज आहेत." ती कणीक मळता मळता म्हणाली, "मग द्या की." आमच्या घरात माझी बाजू घेणारं कुणी नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आबांच्या भूगोलात पूर्व-पश्चिम नाही. वर आणि खाली, एवढ्या दोनच दिशा. आता आमच्या गावात चेंडू जमिनीवर ठेवला तर तो आहे तिथंच बसतो, इतकं ते सपाट. पण आबांच्या मते दवाखाना वरल्या अंगाला, गिरण खालच्या अंगाला. एसटी वरनं येते आणि खाली जाते. एकदा आमच्या पाहुण्यांना त्यांनी "वर जावा आन् मंग खाली उतरा" असा माझ्या घराचा पत्ता दिला, तर ते बिचारे पाण्याच्या टाकीवर चढायला निघाले होते. मी होकायंत्र घेऊन आबांना समजवायला बसलो. त्यांनी सुई बराच वेळ न्याहाळली, यंत्र तिरकं करून बघितलं आणि परत दिलं. "ही सुई सपाटीची हाय, मास्तर. हिला चढ कळत न्हाई."

चालतात तेही नजर वर करून. रानात म्हणे वर बघत चालायचं असतं, कोण कुठल्या फांदीवर बसलंय ते कळायला हवं. आमच्याकडे वर बघितलं तर विजेच्या तारा. या सवयीपायी आबा दोनदा गटारात गेले आणि एकदा बसलेल्या म्हशीवर. म्हैस उठली, आबाही उठले, आणि दोघांनीही आपली चूक कबूल केली नाही.

त्यांनी आल्या आल्या घराभोवती झाडं लावली होती. फणस, जांभूळ, हिरडा, अंजन. खारवट मातीत एकेक करून सगळी जळाली. जगला तो एक उंबर, मोरीच्या पाण्यावर. तो आता दुमजली घराएवढा झालाय आणि त्याची पिकलेली उंबरं आमच्या अंगणात पडून माशा करतात.

आता तुम्हाला वाटेल की या माणसाचा वानरांवर फार जीव असणार. मलाही तसंच वाटलं होतं. मी एकदा तसं म्हणालो, तर आबा खवळले.

"जीव? आवं, लय चोर जात! उभी नाचणी नुसती वरबाडून न्हेत्यात. खात्यात मूठभर आन् नासत्यात पोतंभर. गोफण मारमारून माझा खांदा गेला."

"मग त्यांच्यासारखा आवाज कशाला काढता?"

आबांनी मला चौथीतल्या पोरासारखं समोर बसवलं आणि समजावलं. वानरांची टोळी असते. बायाबापड्या, लेकरं आणि एक म्होरक्या. पहाटं उजाडायच्या आत म्होरक्या उंच झाडावरून हूप करतो. पलीकडच्या टोळीचा म्होरक्या जबाब देतो. कोण कुठं आहे ते सगळ्यांना कळतं. "आमच्या घरामागच्या झाडावरनं त्यो मला इचारायचा. म्हातारा घरात हाय का? आपुन हूप केला की त्येला कळायचं, हाय. नाय केला की समदी नाचणीत."

"अहो पण इथं वानर नाही. नाचणी नाही."

"म्हनून तर म्हंतो, घोटाळा हाय," आबा म्हणाले आणि विडी पेटवायला उठले.

गेल्या माघातली गोष्ट. साडेपाच वाजले. चार हूप झाले. मी सवयीनं कूस बदलली. आणि पाचवा हूप झाला.

मी डोळे उघडले. आबा कधी पाचवा करत नाहीत. शिवाय हा लांबून आला होता. मी धोतर सावरत गच्चीवर गेलो. आबा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, आणि समोर गावच्या पाण्याच्या टाकीवर, फिकट चांदण्यात, काळ्या तोंडाचं एक भलंमोठं वानर लांबलचक शेपूट खाली सोडून बसलं होतं.

"मास्तर," आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आयकलंसा?"

"ऐकलं."

"दोगांनी आयकलं म्हंजे खरं."

आमच्या भागात तांबड्या तोंडाची माकडं अधूनमधून दिसतात, पण असं वानर गावात कुणी पाहिलं नव्हतं. ते आलं कुठून यावर दिवसभर पारावर काथ्याकूट झाला. कुणी म्हणालं केळीच्या ट्रकमधून. कुणी म्हणालं ऊसतोडीच्या गाड्यांवर बसून. एकानं तर ते रेल्वेनं मिरज जंक्शनला उतरताना पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. मला विचारलं तर मला काहीच माहीत नव्हतं. तीस वर्षं मी पोरांकडून सदाहरित वनांची तीन वैशिष्ट्यं पाठ करून घेतली, पण त्या वनातला एक रहिवासी समोर येऊन बसल्यावर त्याच्याशी काय करायचं असतं ते एकाही वैशिष्ट्यात नव्हतं.

आबांचं मत ठाम होतं. "ह्यो उंबरमुऱ्याचा. डाव्या कानाला खाच हाय. आमच्या म्होरक्याला हुती तशी."

"आबा, तुम्ही गाव सोडून पंचवीस वर्षं झाली. हा दहाचासुद्धा नसेल."

"नातू आसंल."

"तुटलेल्या कानाची खाच नातवाला उतरत नाही हो."

"तुमास्नी काय ठावं? तुमी त्येच्या आज्याला बगितलंय व्हय?"

नव्हतं बघितलं.

वानरानं आबांच्या उंबरावर मुक्काम केला. शनिवार आला आणि सगळा विचका झाला. मारुतीच्या देवळाची व्यवस्था बघणारे बापू चौगुले यांनी जाहीर केलं की साक्षात मारुतीराय गावात आलेत. मग उंबराच्या बुंध्याला शेंदूर लागला, नारळ फुटले, आणि मारुतीला घालतात म्हणून रुईच्या पानांच्या माळा फांद्यांवर चढल्या. देवानं रुईकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण पेढे, केळी आणि क्रीमची बिस्किटं तो खाऊ लागला. तालमीतली पोरं आळीपाळीनं त्याच्याबरोबर फोटो काढून घेऊ लागली. आबा त्या गर्दीत काठी घेऊन फिरायचे आणि ओरडायचे, "आरं, पाल्याचं पोट हाय त्येचं! कवळा पाला, कळ्या, फळं, ह्येच्यावर जगतंय ते. बिस्कुटं काय घालता, मारताय का त्येला?" पण ज्या माणसाला गाव हूपआबा म्हणतं, त्याचं वानरांच्या बाबतीत कोण ऐकणार?

एका दुपारी त्यांनी मला हाताला धरून गच्चीवर नेलं. वानर फांदीवर पाठमोरं बसलं होतं.

"त्येची पाठ बगा."

पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. त्यात काटे, कुसळं अडकली होती. मध्येच ते झाडाच्या खोडाला पाठ घासत होतं.

"दुपारी खाऊन झालं की समदी येकमेकांची पाठ इंचरत बसत्यात. तासन्‌तास. लेकरू हिच्याकडनं तिच्याकडं जातं. म्हाताऱ्याची पाठ बी कुनीतरी बगतंच." आबांनी आपला दुखरा खांदा चोळला. "हात पुरतो तिथलं आपुन करतो, मास्तर. पाठीला दुसरं लागतं. येकलं वानर म्हंजे निम्मंच वानर."

मला तेव्हा तानूबाईंची आठवण झाली. मी म्हणालो, "ऊन फार झालंय," आणि खाली आलो.

आठव्या दिवशी पहाटे आबांचे चार हूप झाले आणि जबाब आला नाही. वानर फांदीवर आडवं पडलं होतं, पोट फुगून टम्म झालेलं. बापू चौगुल्यांना वाईट वाटलंच, नाही असं नाही. पण खेड्यापाड्यांत वानर मेलं की त्याची मिरवणूक, दहन, तेरावा सगळं रीतसर करतात, त्यामुळे ते जिवंत असतानाच संध्याकाळपर्यंत समाधीची जागा पाहून झाली होती आणि तेराव्याला बुंदी करायची की शिरा यावर दोन तट पडले होते. आबा माझ्या दारात आले. पहिल्यांदाच त्यांची नजर वर नव्हती.

"मास्तर, अर्ज लिवा. ह्येला वर न्हेऊन सोडायचं. त्येच्या मानसांत. हितं ऱ्हायला तर ह्यो देव हून मरंल."

मी वनखात्याला अर्ज लिहिला. विषय: गावात आलेल्या वानरास मूळ अधिवासात सोडण्याबाबत. आबांनी वाचायला लावला आणि हट्टानं एक ओळ वाढवली. मूळ गाव उंबरमुरा, तालुका जावळी.

वनरक्षक शिंदे मॅडम दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवरून आल्या. वय असेल पंचवीस-सव्वीस, पण बोलणं नेमकं. त्यांनी आधी गर्दी हटवली, बिस्किटं बंद केली आणि आबांना पाला आणायला पाठवलं. तीन दिवसांत वानराचं पोट उतरलं. मग त्या म्हणाल्या, "तरणा नर आहे. टोळीतून हाकलून दिला असेल. असे नर भटकतात. हरवलाय असं नाही म्हणता येणार." वरिष्ठांनी जावळीकडच्या रानात सोडायला परवानगी दिली होती. आबांना वाटलं ती त्यांच्या ओळीमुळे मिळाली. मला वाटलं नसावी. पण कुणी सांगावं?

पेच वेगळाच होता. वानर पिंजऱ्याकडं फिरकेना. उंचावरून बेशुद्ध करून पाडणं धोक्याचं. मॅडमनी दोन सकाळी सगळा प्रकार बघितला होता. त्या आबांना म्हणाल्या, "आजोबा, ते फक्त तुम्हाला उत्तर देतं. पिंजरा उंबराखाली ठेवू. तुम्ही पिंजऱ्याच्या मागे बसून हूप करा. ते खाली उतरेल."

आबा वळले. घरात गेले आणि दार लावून घेतलं. दिवसभर बाहेर आले नाहीत. रात्री, आम्ही जेवून उठतोय तोच, दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. सांगा. हूप म्हंजे मी हाय, येवडाच त्येचा आर्थ. पंचवीस वर्सं मी त्यो करतुया आन् ह्या येकानं जवाब दिला. आन् आता त्यो जवाब देतुया म्हून त्येला धरायचं? ह्यो खोटा हूप व्हईल का न्हाई?"

न्यायचं तर पकडावंच लागेल, पकडायचं तर फसवावंच लागेल, आणि फसवलं नाही तर ते इथं बिस्किटं खाऊन मरेल, हे सगळं मला समजत होतं. तरी हो म्हणावं की नाही, ते काही केल्या ठरेना.

"मला कळत नाही, आबा," मी म्हणालो.

"मंग तुमी बी माझ्यावानीच की," असं म्हणून ते गेले.

पहाटे ते पिंजऱ्यामागं गवतावर बसले होते. अंगावर घोंगडी. मी आणि मॅडम आमच्या गच्चीवर दबून बसलो. आबांनी हूप केला. नेहमीपेक्षा हळू. वानरानं वरून जबाब दिला. आबांनी पुन्हा केला. वानर एक फांदी खाली आलं. चौथ्या हुपाला ते जमिनीवर होतं. पिंजऱ्यातला पाला त्यानं नुसता हुंगला, पलीकडे बसलेल्या आबांकडे पाहिलं, आणि त्यांच्या दिशेनं सरळ आत चालत गेलं. दार पडलं. मला वाटलं ते आदळआपट करील. त्यानं काही केलं नाही. ते आबांकडे बघत बसलं आणि आबा जमिनीकडे. मला माझीच लाज वाटली. मी तर काही केलंही नव्हतं.

देव चालला म्हटल्यावर बापू चौगुल्यांनी हलगी लावून निरोप द्यायचा बेत केला. मॅडमनी हलगीला साफ मनाई केली. मग निदान सत्कार तरी, म्हणून नारळ आणि टॉवेल-टोपी आली. वानराला टोपी घालणं शक्य नव्हतं. बापूंनी ती आबांना घातली, टॉवेल गळ्यात टाकला, आणि आबा तो मान घेऊन वनखात्याच्या गाडीत पुढं बसले. जाताना वाटेत लागेल म्हणून सुनंदानं भडंगाचा डबा दिला. मला बोलावलं नव्हतं, पण अर्जदार म्हणून मी मागं चढलो.

सातारा गेला, मेढा गेला. पुढं डांबर संपलं, मग मातीचा रस्ताही संपला, आणि गाडी झाडांच्या आत शिरली. सदाहरित वनांचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे उंच वृक्ष. मला शेंडे दिसलेच नाहीत. दुसरं, सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचत नाही. ते खरं होतं, भर दुपारी मला चष्मा पुसावा लागला. तिसरं मला आठवेना. फांद्यांना शेवाळ, शेवाळाला पाणी, वेलींना काटे, आणि सगळीकडून कसले कसले आवाज. खाली उतरून चार पावलं टाकली आणि आपण कुठून आलो तेच मला कळेना. मी, भूगोलाचा शिक्षक, गाडीकडं म्हणून ओढ्याकडं चालू लागलो.

"मास्तर, वर या, वर," आबा म्हणाले. आणि खरंच, वर गाडी होती.

ते त्या रानात असे चालत होते, जसं आपण अंधारात आपल्या घरातल्या मोरीकडं जातो. चालता चालता सांगत होते, हा अंजन, ही जांभळ, हितं दुपारची पाठ इंचरायची जागा, ह्या उंबरावर रातीचा मुक्काम, कारण बुंधा गुळगुळीत, वाघराला, म्हणजे बिबट्याला, चढता येत नाही. पालापाचोळ्याखाली दगडी जोती दिसत होती. तेच उंबरमुरा. आबा एका जोत्याजवळ घटकाभर थांबले. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख पडलं. पंचवीस वर्षं आमच्या सपाट गावात आबा ज्या अंगाला 'वर' म्हणत होते, दवाखाना, एसटीचा फाटा, पाण्याची टाकी, ती सगळी एकाच दिशेला आहेत. वायव्येला. म्हणजे इथं.

मॅडमनी पिंजऱ्याचं दार वर ओढलं. वानर आत बसून राहिलं. मग बाहेर आलं, दोन उड्यांत झाडावर गेलं आणि थबकलं. कारण लांब कुठंतरी वरच्या कड्याकडून हूप आला. मग दुसरीकडून. मग तिसरीकडून.

मी आबांकडे बघितलं. ते वाकले होते. हात गुडघ्यांपर्यंत गेले होते.

"आबा, करा ना," मी कुजबुजलो. "आता सगळे आहेत."

त्यांनी हात मागं घेतले आणि टॉवेल तोंडावर धरला. वानर फांद्याफांद्यांवरून हुपाच्या दिशेनं गेलं. बराच वेळ पानं हलत राहिली, मग थांबली.

परतीच्या वाटेवर मेढ्याजवळ ते बोलले. "म्या केला आसता तर त्येला वाटलं आसतं, म्हातारा हितं हाय. त्यो माघारी आला आसता. येकडाव खोटं बोललो त्येच्याशी. बास झालं."

टोळीतले नर त्याला घेतील का, ही त्यांची पुढची काळजी. मॅडम म्हणाल्या, "लगेच नाही घेणार. पण नुसत्या तरण्या नरांच्या टोळ्या असतात. त्यात मिसळेल आधी."

"म्हंजे तालीमच की," आबा म्हणाले आणि त्यांना जरा बरं वाटलं. "आधी तालीम. मंग घरदार."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हूप झाला नाही.

मी म्हटलं दमले असतील. तिसऱ्या दिवशीही नाही. कुत्री आपली वेळेवर उठली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि कशावर भुंकावं ते न समजून परत झोपली. चौथ्या दिवशी मी आबांना दुकानाच्या वाटेवर गाठलं. नजर खाली घालून चालले होते. गटार व्यवस्थित ओलांडलं. मी विचारलं, "पहाटेचं बंद का केलं?" म्हणाले, "म्या हाय म्हनायचं. आयकायला कोन हाय?" एवढं नीट, घोटाळा नसलेलं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

पंचवीस वर्षं मला झोप हवी होती. ती आता मिळत होती, आणि मी साडेपाचला टक्क जागा होतो. पाचव्या दिवशी सुनंदाही जागी होती. अंधारात ती म्हणाली, "तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाही ना ओ त्यांना?"

मी उठलो. स्वेटर घातला, कानाला मफलर बांधला, गच्चीवर गेलो. कुणी बघत नाही याची खात्री केली. गुडघ्यांवर हात टेकले आणि हूप केला.

जे बाहेर आलं ते सांगण्यासारखं नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं खरखरून शेवटी चिरकलं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. मी आणखी तीन केले, कारण चार करायची पद्धत आहे. आबांच्या घरावर अंधार होता. तीस वर्षं हायस्कुलात मान मिळवलेला माणूस माघाच्या थंडीत वाकून उभा आहे, हे ध्यानात येऊन मी जिन्याकडं वळलो.

"कोन हाय रं?" समोरच्या घराच्या खालच्या खिडकीतून आवाज आला.

"मी, मगदूम."

खिडकीची दुसरी फळी उघडली.

"मास्तर, ह्यो हूप न्हवं. ह्ये खाकरनं हाय. वाघरू दिसलं की आसं खाकरत्यात. समदी पळून जात्याल आशानं."

"मग बरोबर कसा करायचा?"

कडी वाजली. जिन्यावर एकेक पायरी चढल्याचा आवाज आला. आबा वर आले. डोक्याला बापूंची टोपी, गळ्यात सत्काराचा टॉवेल. त्यांनी मला आठ फुटांच्या रस्त्यापलीकडून नीट न्याहाळलं.

"गुडघं वाकवा. अजून. दम पोटात घ्या, नरड्यात नगं."

त्यांनी गुडघ्यांवर तळवे टेकले आणि हूप केला. चार वेळा. गल्लीतली कुत्री एका झटक्यात कामाला लागली. मग त्यांनी मान वाकडी केली आणि कान माझ्याकडे केला.

मी दम पोटात घेतला आणि जमेल तसा हूप केला.

आबांनी मान सरळ केली. मग टॉवेलनं डोळे पुसत म्हणाले, "लय वाईट हाय, मास्तर. पर घरात हायसा, येवडं कळलं."